वळणावरचा बोर्ड

दहाव्याला काय झालं, ते तुम्हाला सांगितलंच नाही ना मी? वाळूजच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. वळण दाखवायला बोर्ड नव्हता, आणि आमचा मुलगा नितीन मोटारसायकलसकट खणलेल्या चरात गेला.

दहाव्याला कायगावला गोदावरीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मामा म्हणाले, "बहिणीचं लग्न थाटात करू." आत्या म्हणाली, "आईला सांभाळू." कावळा झाडावरच. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेव्हा नितीनची आई पुढं झाली.

"तिथं बोर्ड लावते रे. दुसरं कुणी पडणार नाय."

कावळा खाली आला.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी दोन दिवसांनी आम्ही दोघं नवरा-बायको बोर्ड रंगवून घेऊन तिथं गेलो. मी खड्डा करायला लागलो तसा कामावरचा मुकादम धावत आला.

"काका, कुणाला विचारून लावताय?"

"मुलाला शब्द दिलाय," ही म्हणाली. "याच चरात गेला तो."

मुकादमानं माझ्या हातातली पहार घेतली.

"सरका काका. इथं मुरूम लई टणक हाये."