पार्लरमधून ऐकू आलेल्या किंकाळीबाबत

नाव: खरे नाव ठाण्याच्या वहीत लिहून दिले आहे, गल्लीत मला पार्लरकाकू म्हणूनच ओळखतात. वय: एकोणपन्नास वर्षे. धंदा: ब्यूटी पार्लर. राहणार: पार्लरच्या मागच्याच दोन खोल्यांत.

आज मला ठाण्यात बोलावून विचारपूस केल्यावरून मी स्वतः हजर राहून सांगते की,

मी वरील ठिकाणी राहत असून माझ्यासोबत माझी धाकटी जाऊ राहते. पार्लर आम्ही दोघी मिळून चालवतो. चेहऱ्याचे काम मी करते, वॅक्सिंग ती करते, कारण तिचा हात जोरकस आहे. सकाळच्या वेळी पुरुष गिऱ्हाइके घेतो. माझा दीर हयात नाही. त्याच्या विम्याचे पैसे मिळाले नाहीत. पार्लरचा विमा मात्र जाऊबाईच्या हट्टावरून घेतलेला आहे.

मागील महिन्यात आमच्याकडे शाळेतील गाण्याच्या बाई भुवया व पापण्या रंगवून घेण्यासाठी आल्या होत्या. असा रंग लावण्याच्या आदल्या दिवशी कानामागे थेंबभर लावून बघावा लागतो. अंगाला मानवला नाही तर तिथे लाल होते. तशी चाचणी केल्याशिवाय रंग लावल्यास नुकसानभरपाई मिळणार नाही, अशी विम्याची अट आहे. मी बाईंची चाचणी केली होती. कान लाल झाला नाही. दुसऱ्या दिवशी रंग लावला आणि रात्रीतून डोळे सुजून बंद झाले. असे क्वचित होते, पण झाले. शाळेच्या कार्यक्रमात बाई काळा चष्मा लावून पेटीवर बसल्या. मी त्यांना भेटायला गेले होते. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

बाईंनी औषधपाण्याचा खर्च व भरपाई मागितली. ती त्यांना मिळावी असेच माझेही म्हणणे आहे. मी विमा कंपनीला कळवले. कंपनीने बाईंना विचारले असता, "कानामागे काहीतरी ओलं लावलं होतं खरं, पण ते कशाला ते मला नाही माहीत," असे बाईंनी सांगितले. त्यावरून कंपनीला आमचा संशय आला. कंपनीने हात वर केले असते तर आम्हाला दोन्ही खुर्च्या आणि वाफेचे मशीन विकावे लागले असते. जाऊबाईने मशीन पुसून, झाकून ठेवले होते. का, ते मी तिला विचारले नाही.

त्यानंतर कंपनीतून एका गृहस्थांचा फोन आला होता. ते दर वेळी "म्हणजे थोडक्यात" असे म्हणून पुढे लांबलचक बोलत होते. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे जाऊबाईनेही ऐकले.

आज सकाळी अकराच्या सुमारास एक गृहस्थ पार्लरमध्ये आले. वय पन्नासच्या आसपास, अंगाने भरलेले, शर्टाचे वरचे बटण उघडे. उद्या फोटो काढून घ्यायचा आहे, तरी मिशा आणि भुवया आत्ताच्या आत्ता काळ्या करून द्या, असे त्यांनी सांगितले. पुढे म्हणाले, "म्हणजे थोडक्यात, वय जरा कमी दिसलं पाहिजे, कसं आहे की फोटो ऑफिसात लागणार, आणि ऑफिसात सगळी तरुण पोरं." जाऊबाईने माझ्याकडे पाहिले. मी टॉवेलांच्या घड्या घालू लागले.

सदर गृहस्थांना ओळखले होते काय, असे मला विचारण्यात आले. त्यावर सांगते की, गृहस्थांना मी ओळखत नव्हते. आवाज ओळखला होता.

मी त्यांना सांगितले की आज फक्त कानामागे लावून बघू, रंग उद्या. ते म्हणाले, "अहो, मी वर्षानुवर्षं रंग लावतोय. मला काही होत नाही. लावून टाका."

जाऊबाई म्हणाली, "साहेब, आजच तोंड काळं करायची एवढी घाई कशाला?"

त्यांनी दुप्पट पैसे देतो म्हणून पाहिले. कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये लगेच लावून देतात असेही म्हणाले. मी त्यांना कोपरा कुठल्या बाजूला आहे ते दाखवले. ते गेले नाहीत. उलट मान पुढे करून म्हणाले, "बरं, लावा कानामागे." मी चाचणी केली. त्यांनी आरशातून माझ्या हाताकडे फार लक्ष देऊन पाहिले.

इथपर्यंत सर्व ठीक होते आणि ते उठून गेले असते तर ठाण्याला त्रास झाला नसता. परंतु जाता जाता त्यांनी, वॅक्स किती गरम करता, कुणाला भाजत नाही का, अशी चौकशी केली.

जाऊबाई म्हणाली, "तोंडी काय सांगायचं? करूनच बघा."

गृहस्थ म्हणाले, "हातावर थोडंसं?"

"हातावर काय आहे तुमच्या? खरा माल छातीवर आहे."

ते माझ्याकडे बघू लागले. त्या वेळी मला हसू आले होते काय, असे इथे हवालदारसाहेबांनी विचारले. मी टॉवेल तोंडावर धरला होता, त्यामुळे सांगता येत नाही. गृहस्थांना चौकशीचे खरे कारण सांगून सुटता आले असते. पण मग आपण कोण हेही सांगावे लागले असते. "चालेल," असे ते म्हणाले. आवाज बारीक होता. त्यांच्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नाही.

आम्ही सर्व नियम पाळले. साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारले. वॅक्स आधी त्यांच्या मनगटावर लावून दाखवले. दुखेल याची पूर्वकल्पना दिली. मी "बरंच दुखेल" म्हणाले. जाऊबाई "थोडंसं" म्हणाली. त्यांनी जाऊबाईचे ऐकले.

जाऊबाईने उजव्या बाजूला वॅक्स लावले, कापडाची पट्टी दाबून बसवली आणि विचारले, "साहेब, मुलं किती?" ते "दोन" म्हणत असतानाच तिने पट्टी ओढली.

त्यावर गृहस्थांनी किंकाळी फोडली. "आई गं, मेलो, सोडा मला, वाचवा" असे शब्द होते. समोरच्या दुकानातील टेलरमामांनी ते ऐकले. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येते, तरी ऐकले. पार्लरमध्ये कुणाचा तरी खून होत आहे, असे त्यांनी ठाण्याला कळवले. टेलरमामांचा हेतू चांगला होता.

हवालदारसाहेब व एक शिपाई आले तोपर्यंत उजवी बाजू पूर्ण झाली होती. शिट्टी ऐकून गृहस्थ पडद्यामागे गेले. नाव विचारले असता त्यांनी एक नाव सांगितले, पुन्हा विचारले असता दुसरेच सांगितले. त्यामुळे हवालदारसाहेबांना ते चोर वाटले. छाती चिकट असल्याने शर्ट घालता येईना, म्हणून मी त्यांना गिऱ्हाइकांचा फुलाफुलांचा गाऊन दिला. त्याच कपड्यांत त्यांना जीपमध्ये बसवण्यात आले. गल्लीतील बरेच लोक बाहेर आले होते. आम्ही कुणालाही बोलावले नव्हते.

ठाण्यात आल्यावर गृहस्थांनी ओळखपत्र दाखवले. ते आमच्या विमा कंपनीचे तपासनीस निघाले. मला आश्चर्य वाटले काय, याचे उत्तर मी वर दिले आहे.

बाकावर बसलो असताना ते जाऊबाईला म्हणाले, "तुम्ही ओळखलं होतं ना मला?"

जाऊबाई म्हणाली, "हो."

"म्हणजे त्या गाण्याच्या बाईंचीही चाचणी केली होती, की फक्त माझीच?"

जाऊबाई म्हणाली, "साहेब, माझ्या घरी एकदा कंपनीचा माणूस आला होता. आमचे मालक गेले तेव्हा. कागद बघून म्हणाला, बाई, यात तुमचं काहीच बसत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट बसवूनच करते."

गृहस्थ गाऊनची नाडी नीट बांधत बसले. नंतर त्यांनी तिथूनच गाण्याच्या बाईंना फोन लावला. कानामागे ओलं लावलं ते कधी, एवढेच विचारले. बाई म्हणाल्या, आदल्या दिवशी. गृहस्थ म्हणाले, "बाई, तीच चाचणी. माझीही आज झाली." भरपाई मंजूर करण्याविषयी आपण लिहू, असे त्यांनी आम्हाला सांगितले. मग विचारात पडले आणि म्हणाले, "पण अहवालात हे सगळं मला कसं कळलं म्हणून लिहू?"

जाऊबाई म्हणाली, "लिहा की, प्रत्यक्ष अनुभव घेतला."

यावर ते हसले. हसताना उजवीकडे ताण पडून त्यांना दुखले असावे. डाव्या बाजूचे काय करायचे, असेही त्यांनी हळूच विचारले. जाऊबाईने त्यांना उद्याची सकाळची वेळ दिली आहे. टेलरमामांना आगाऊ कल्पना देण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

माझी सदर गृहस्थांविरुद्ध तक्रार नाही. त्यांचीही आमच्याविरुद्ध नाही. जाऊबाई पार्लर उघडायला पुढे गेली आहे. वाफेच्या मशीनवरचे झाकण काढते म्हणाली.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना ते दोन ठिकाणी थांबले आणि पाणी प्यायले. "किंकाळी" हा शब्द काढून तिथे "आवाज" असे लिहावे, अशी बाकावर बसलेल्या गृहस्थांची विनंती आहे. ती मला मान्य नाही. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे असून शब्दन् शब्द खरा आहे.