शालीवर गुडघे टेकून

तुम्ही म्हणाल, म्हातारा तापट झालाय. आधी ऐका तर.

आमचा इथल्या आखाती वाळवंटात, वाळूत गाड्या घालणारा मराठी ग्रुप. वाळूत शिरताना टायरमधली हवा कमी करायची, डांबरी रस्त्यावर आलं की परत भरायची. त्यासाठी ग्रुपचा कंप्रेसर एकच, आणि तो चालवणारा गेली बारा वर्षं मी. सोबतचे जुने दोघे होते. एक कायमचा रत्नागिरीला गेला, दुसऱ्याचे गुडघे बदलले. मला एकोणसाठावं लागलंय.

परवाच्या शुक्रवारी रस्त्यावर येऊन माझ्या गाडीत हवा भरून झाली, मागे सात गाड्या रांगेत. सगळे एसी लावून आत, आणि मी उन्हात गुडघे टेकून. गुडघ्यांखाली शाल. हो, यांनीच मागच्या महिन्यात ‘निःस्वार्थ सेवे’बद्दल माझ्या अंगावर घातली, तीच!

दुसऱ्या टायरला कंबरेत चमक भरली. गाडी निखिलची, बत्तीस वर्षांचा इंजिनीअर. म्हटलं, "बाबा रे, उतर, शिकून घे. माझ्याच्यानं होत नाही आता."

त्यानं काच चार बोटं खाली केली. "काका, ग्रुपवर मेसेज टाका ना, येईल कोणीतरी."

अख्खा ग्रुप तिथेच रांगेत होता!

माझं डोकंच फिरलं. कंप्रेसर उचलून त्याच्या बॉनेटवर ठेवला, "खलास" म्हटलं आणि निघालो.

दहा मिनिटांत निखिलचा फोन. "काका, हा चालू कसा करायचा?" बारा वर्षांत त्या रांगेतल्या एकानंही वाकून पाहिलं नव्हतं.

म्हटलं, "ग्रुपवर मेसेज टाक ना. सांगेल कोणीतरी."