तुळशीखालचं झाकण

नालीच्या चेंबरवर तुळशीवृंदावन मीच बांधलं, अन् ती नालीबी मीच टाकली होती.

मी मूळचा समुद्रपूरकडचा, बाप गवंडी, त्याच्याजवळ थापी धरली, मंग नळाचं काम शिकून नालवाडीले आलो. तिथं शांतामावशी, भाजी विकून घर बांधलेली बाई, तिची सांडपाण्याची लाइन मी टाकली. पुढं ती म्हणे, तुळस दारासमोर पाह्यजे, त मी सपाट जागा पाह्यली अन् दिलं चढवून झाकणावर. वरून फोटोबी काढला.

परवा सकाळी तिचा फोन, मोरीतलं पाणी उलटं वर येऊन राह्यलं, दुपारी नातीचं साक्षगंध, पाहुणे जाम गावावरून निघाले. गेलो. म्हटलं मावशी, वृंदावन फोडा लागते. आजच्या दिवशी तुळस फोडतं, म्हणे, पह्यले तुयं डोकं फोडीन. नात बिचारी मेंदीचे हात वर धरून उभी, म्हणे काका, ते लोकं हातपाय धुवाले मोरीतच जातीन न. डोळे भरलेले पोरीचे. काय सांगू तुम्हाले, मले माहीच लाज वाटली.

एक रस्ता होता. घरामांगं, भिंत अन् शेजाऱ्याच्या कंपाउंडच्या मधात, पाइप साफ करायचं बूच. तेबी मीच बसवलं, पण तवा मले पोट नव्हतं. आडवा घुसलो, श्वास सोडला का सरकू, घेतला का फसू, गाल भिंतीवर घासून राह्यला, बूच दिसे नाई, मांगं हात नेऊन चाचपतच पाना लावला. फिरलं, अन् सारं पाणी पायजम्यात. बांबूची कमची घातली, काहीतरी लागलं, ओढलं, ओढलं, त निघाला खांद्यावर टाकायचा लाल चौकडीचा दुपट्टा. माहाच! लाइन टाकतानी माती जाऊ नये म्हणून पाइपात कोंबलता अन् भुललो. इतके वर्स पाणी बाजूनं जाये, आता गाळ धरून पुरा फसला. अन् बायकोले आजवर सांगत आलो, जामच्या ढाब्यावर कोणी चोरला.

मोरी गडगड करून उतरली. पोरगी आतून वरडली, काका, गेलं पाणी! बरं वाटलं बापा. आता नव्या कामात चेंबर कुठं हाय ते भिंतीवर ऑइलपेंटनं लिहूनच ठेवतो, पण मावशीचं झाकण तुळशीखालीच हाय, अन् बोलावलं का त्या बोळीत मलेच घुसा लागीन.

बाहेर निघालो त पाहुण्यायची गाडी दारात. शर्ट फाटला, हातात गाळ ठिबकता दुपट्टा. मावशीनं वरून खालपर्यंत पाह्यलं अन् हळूच म्हणे, मांगच्या दारानं निघ, अन् पाहुण्यायनं इचारलं त मी तुले वळखत नाई.