खालनं तिसरी

ही माझी मिशी दिसतीय न्हवं? ती जर्मनीच्या फुटबॉलमुळं वाचलीय.

तिकडच्या वरच्या लीगमधी एका टीमची जर्सी आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमसारखीच हिरवी-पांढरी हाय, म्हणून ती माझी टीम. यंदा ती तळाला गेली, तसा माझा जुना दोस्त दत्तोबा टपरीवर पैजेला पेटला. "टीम खालच्या लीगमधी गेली की तुझी मिशी उतरवायची!"

"आणि राहिली तर?"

"तर मी मिशी वाढवीन." जन्मभर सफाचट राहिलेला गडी!

सीझन संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी दत्तोबा न्हाव्यालाच घेऊन आला. मोबाईल पुढं धरून म्हणाला, "बघ, अठरा टीममधी सोळावी. बस खाली."

मला वाचता येत न्हाय. पण नातीनं शिकवलंय तसं मी तक्त्याला खालनं बोट लावलं. "ही गेली. ही बी गेली. आमची तिसरी. तिसरीला खालच्या लीगमधल्या टीमशी आणखी दोन मॅच खेळून जागा राखता येती."

"अरं, हरलास की आता!"

"दोन मॅच हायत अजून. न्हाव्याला च्या सांग."

पहिली मॅच एका गोलानं हरलो. मी मिशीला तेल लावत राहिलो. दुसरी तीन गोलांनी मारली. दोन्ही मॅचच्या गोलांची बेरीज धरत्यात, म्हणून टीम वरच राहिली.

आता दत्तोबाला मिशी येतीय, पांढरी, विरळ. रोज च्याला बसलो की मी बोट लावून त्याचा एकेक केस मोजतो. खालनं.