दातीरसरांचा विनय

मंडळी, ऐका! खोटं बोलणारा पापी, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण समोरचा घसा फोडून खरं सांगतोय आणि आपण कौतुकानं माना डोलावतोय — हे पाप कुणाच्या खाती? बोला! ...नाही ना बोलवत? मग आख्यान ऐका.

एक होते मोरेश्वर दातीर. विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. नावावर एक प्रमेय — दातीर प्रमेय! त्या एका प्रमेयावर सर विभागप्रमुख झाले, परदेशी भाषणं देऊन आले. प्रमेयात काय होतं ते मला विचारू नका. कळलं असतं, तर इथं चिपळ्या वाजवत उभा राहिलो असतो का?

सर निवृत्त झाले. सत्कार ठरला. त्या दिवशी सकाळी सर दाढी करताहेत — अर्ध्या गालाला साबण! — आणि हात थांबला. आपल्याच सिद्धतेतली एक ओळ डोळ्यांपुढं आली. तिथं आपण ज्यानं भागलंय, ते कधीकधी शून्य असतं! अहो, शून्यानं भागलं! ज्यासाठी शाळेत पोराला बाकावर उभं करतात, त्यासाठी सरांना खुर्ची मिळाली!

हसताय? सरांना घाम फुटला. नावाचं जाऊ द्या हो! पण वैजयंती कोठावळे, सरांची शेवटची विद्यार्थिनी — तिचा अख्खा प्रबंध त्या प्रमेयावर उभा. परवा तोंडी परीक्षा! गप्प बसावं, तर पोरगी खोट्यावर डॉक्टर होणार. बोलावं, तर तिची मेहनत गेली आणि आपली अब्रूही.

संध्याकाळी शाल झाली, श्रीफळ झालं. सर उठले.

"माझं प्रमेय चुकीचं आहे."

टाळ्या!

"अहो, खरंच चूक आहे!"

आणखी टाळ्या! कुलगुरू गहिवरले — "एवढा मोठा माणूस, आणि केवढा हा विनय!"

"विनय नाही हो! शून्यानं भागलंय मी!"

हशा! काय मिश्कील आहेत म्हणे सर!

शेवटी पहिल्या रांगेतून सरांच्या पत्नी उठल्या. कुमुदताई! पदर खोचला. "गप्प बसा सगळे! मी संसार केलाय ह्यांच्याशी. विनय औषधालासुद्धा नाही ह्यांच्यात! पायजमा उलटा घातला तरी पायजम्याचं चुकलं म्हणणारा हा माणूस. हे चूक म्हणताहेत ना? मग चूक असणारच!"

वैजयंती रडवेली होऊन उभी राहिली. "सर, मग माझं काय?"

सरांनी शाल काढून ठेवली. "तुझी वर्षं मी वाया घालवली, पोरी. माफी मागून ती परत येत नाहीत. फळ्याशी ये. काय टिकतंय ते बघू."

आणि सत्काराच्या मंचावर फळा आणवला! कुलगुरू चहाला गेले, माणसं पांगली, ही दोघं खडू घेऊन उभी. निम्मा प्रबंध टिकला, निम्मा गेला. परीक्षा लांबली. पण पदवी मिळाली ती खरी. सरांचं नाव मात्र पुस्तकांतून गेलं. वाईट वाटलं का? वाटलं हो! जन्माची कमाई ती. पण वैजयंतीसाठी टाळ्या वाजल्या, तेव्हा त्या कशासाठी वाजताहेत, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

तर मंडळी, घरात कुणी "माझं चुकलं" म्हणालं, की आपण काय करतो? "छे छे, असं काय बोलता!" त्याला बिचाऱ्याला चूक सुधारायची असते, आपल्याला विषय संपवायचा असतो!

असो. आता मी रजा घेतो. आज माझ्याही बोलण्यात बऱ्याच चुका झाल्या...

बघा, बघा! हलल्या माना! "छे छे, बुवा!" — अहो, इतका वेळ मी सांगत काय होतो?