नववा फेरा

हॅलो?... हॅलो, कोण?... रिंकी? बोल बेटा, योगराजकाकाच बोलून राहिलो... थांब, थांब, वरतून विमान जाऊन राहिलं. ह्या बिरसीत पोरं विमान चालवणं शिकतेत अन् कान आमचे जातेत... हं. गेलं. बोल.

हो, नागपुरात हायेस ना? स्टुडिओत?... हुकुमभाऊची धून रेकॉर्ड करून राहिली, मालूम हाये मले. लेकीनं बापाची धून काढली, चांगलं केलं...

काय काढून टाकलं?... नववा फेरा?... कायले?

हो... हो... अगं ऐक ना. मले समजते. धून आठ-आठचीच असते. एक-दोन-तीन-चार, हा झाला एक फेरा. असे आठ झाले का पुढची ओळ. ही एक धून सोडली तं साऱ्या वराती तशाच काढल्या आम्ही. चाळीस वर्षं बँडात ड्रम वाजवला, तो स्टुडिओवाला मले काय शिकवते?... आँ? जॅझमधी बाराचंही असते?... अन् बत्तीसचा साचा... पाहा! त्या गोऱ्याइच्यात बारा चालते, मंग तुझ्या बापाच्यात नऊ काऊन नाही चालत?

नाही. चुकला नव्हता तो. क्लारनेट तोंडात असली का हुकुमभाऊ चुकतच नव्हता.

हो, तूच म्हणाली होतीस त्याले. संगीताच्या कॉलेजातून आलीस अन् म्हणालीस, बाबा, एक बार, म्हणजे एक फेरा, जास्त होते. त्याच्या धूनच्या वहीत लाल पेनानं काट मारली... रडू नको. अगं, ऐक. तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी हाये.

गोरेगावची वरात. बाबाची आखरीची... तुले कोणीच नाही सांगितलं?... आठ फेरे झाले, नवव्याले सारा बँड चूप झाला, नेहमीसारखा. नाचणारे पोट्टे वरडले, बंद पडलं काय रे! अन् मले लाज वाटली. त्या रिकाम्या फेऱ्यात मी ड्रम वाजवून देल्ला. धडाधड... हुकुमभाऊनं माझ्याकडे पाह्यलं, क्लारनेट खाली केली. मंग कधी तोंडाले लावलीच नाही. सहा महिन्यांत गेला.

भूमेश्वरी, कुकर उतरव!... तुले नाही बेटा, काकूले सांगून राहिलो.

तेव्हापासून मी मोजतो. जेवताना, गाडीवर, कुठंही. आठपर्यंत बराबर जातो. नववा आला का अंगावर काटा येते... दवाखान्यात जाऊन काय सांगू?

नऊ कायले, ते तुले खरंच मालूम नाही?... बापानंही नाही सांगितलं?... तुझी आई, बेटा. फुलवंता भाभी.

अंगणात तांदूळ पाखडे ती. हुकुमभाऊ ओट्यावर क्लारनेट घेऊन बसे. सुपाच्या तालावरच ही धून बसली. आठ फेरे सूप चाले, मंग भाभी थांबे. खडा वेचे, बाजूच्या पितळेच्या थाळीत टाके. त्यात एक फेरा जाये. तिचं सूप पुन्हा उचललं का हा पुढची ओळ उचले... हो, बस एवढंच. ती गेली तेव्हा तू दीड वर्षाची. पण हा थांबतच राहिला. आम्ही बँडवाले विचारू, भाऊ, कोणासाठी थांबतो? तं म्हणे, तिचं होऊ द्या.

किती वाजता फायनल करते तो स्टुडिओवाला?... पाच?... म्हणजे अर्धा तास. नववा फेरा परत टाकाले लाव त्याले... काऊन नाही टाकत?... कॅसेट खराब? म्हणजे बाबाची जुनीच कॅसेट घेतली ना तुम्ही?... अन् त्या फेऱ्यातच आवाज येते? कसा आवाज?... टक?

रिंकी... टकच्या आधी काही येते का?

लाव. मले ऐकव. साफ केलेलं नाही, कॅसेटमधलं लाव. फोन स्पीकरजवळ धर... हं... हा आपल्या बँडातल्या दुधरामचा मोठा भोंगा... हा मी... पाच... सहा... सात... आठ...

...

पुन्हा लाव.

...

नाही बेटा. कॅसेट खराब नाही. बांगड्या हायेत त्या, काचेच्या. अन् मंग खडा. थाळीत पडला... अगं मी शेजारी राहत होतो, हजार वेळा ऐकला मी तो आवाज.

कव्हरवर तारीख काय हाये? हुकुमभाऊच्या अक्षरातली... किती?... दोन हजार तीन? नीट पाह... नीट पाह ना!

भाभी दोन हजार एकमधी गेली, रिंकी.

कॅसेट भरली ती कामठ्याच्या शाळेची खोली होती, दारं बंद करून घेतली होती. हुकुमभाऊ, दुधराम अन् मी. बस... नाही, बाई कोणीच नव्हती. थाळी कुठून येईन शाळेत?... माझ्या हातात काठ्या होत्या, चूप बसलो होतो... हो, भेव लागून राहिलं मले.

त्यानं ती कॅसेट कोणालेच ऐकवली नाही. एकटाच ऐके, कपाटात ठेवे. आम्हाले वाटे, तब्येत बिघडली माणसाची... अन् मी भर वरातीत तिच्यावर ड्रम वाजवला. तिच्यावर, रिंकी.

काय?... तुझ्या हातानं पुसून टाकत होतीस? नाही पुसलं ना पण. मले फोन केला ना तू.

सांग त्याले, टक ठेव म्हणा. बांगड्या ठेव. काहीच साफ करू नको. नऊचे नऊ फेरे जाऊ दे... ऐक. लहानपणी तू म्हणे ना, काका, मले आईचा काहीच आवाज आठवत नाही. सारे पोट्टे आईचं सांगतेत, मी काय सांगू?... हाच हाये बेटा. एवढाच हाये.

रड... रड. मी हाये.

आता एकदा लाव. पहिल्यापासून. ह्या वेळी मी आठपर्यंतच राहीन, मंग फोन ठेवतो... नाही, नाराज नाही. नववा मी एकदा खराब केला. तो तुमच्या दोघीचा हाये... लाव.

हं... चार... पाच... सहा... सात...

आठ.