सातवा टेक

—नाही, ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, तू इकडे रेकॉर्डिंगच्या काचेजवळ बस. आईला गाताना बघायला यायचीस तेव्हा इथंच बसायचीस. तर तू विचारत होतीस शेवटच्या अल्बमचं — जॅझच्या जुन्या गाण्यांचं. खरं सांगू, आम्हां कुणालाच तो करायचा नव्हता. तुझी आई, आमच्या बाई, सोल संगीत गाणाऱ्या, पोटातून उठून छपराला भिडणारा आवाज — आणि ही गाणी कशी, शंभर जणांनी गाऊन गुळगुळीत केलेली, कानाशी कुजबुजल्यासारखी म्हणायची. रेकॉर्ड कंपनीचे साहेब म्हणाले, कोण घेणार? पियानोवाला म्हणाला, वय झालं की सगळ्यांना हीच हुक्की येते. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ओरडून आयुष्यभर गायले. आता एकदा हळू गाऊन बघते." झालं. त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार?

घशाचं मला ठाऊक नव्हतं, बरं का. कुणालाच नव्हतं. म्हणजे — डॉक्टरांची चिठ्ठी होती त्यांच्याकडे, तासाभराच्या वर गायचं नाही म्हणून, ती त्यांनी साहेबांना दाखवली, मी शेजारीच होतो — पण डॉक्टर काय, सगळ्यांना तेच सांगतात. आणि आम्हांला वाटलं, हळूच तर गायचंय, त्याला कितीसा जोर लागतो? लागतो. दार धाडकन आपटायला काय लागतं? तेच आवाज न करता लावायचं तर सगळं अंग आवरून धरावं लागतं. दोन दिवसांत पाच गाणी झाली आणि बाई जिन्यावर कठडा धरून उतरायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी सहावं गाणं. वाट बघणाऱ्या बाईचं, तुला माहीतच आहे. तेच गाणं चौथ्यांदा घेताना, चौथ्या टेकला, वरच्या ओळीवर, त्यांचा आवाज अडकला. किंचित — रेशमी कापड खिळ्याला लागून टरकावं तितकाच. आतली मंडळी वाजवायची थांबली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी — कोण घेणार म्हणणारे तेच. मला म्हणाले, हेच पाहिजे, पुन्हा घ्या. मग पाचवा. मग सहावा. दर वेळी फट थोडी मोठी. बाईंनी थांबा म्हणून हात वर केला, मी बटन दाबलं आणि म्हणालो, "सुरेख, बाई, फक्त एकदा अजून." — हो, बोलायचं बटन माझ्याच हाताखाली असतं. साहेब सांगतात, मी बोलतो. माझं काम ते.

लोकांनी लिहिलं ना नंतर, वयानं पिकलेला आवाज वगैरे? वय कसलं. सातव्या टेकच्या आधी त्या म्हणाल्या, "तोंडात रक्ताची चव येतेय मला." अगदी हळू. बाकीच्यांना ऐकू गेलं नसणार, ते आपापली वाद्यं लावत होते. माझ्या कानाला हेडफोन होते. टेपवर आलं ते, मी कापलं — गाण्याआधीचं बोलणं कापतातच, नेहमीची पद्धत आहे — अशी बघू नकोस माझ्याकडे. मी थांबवलं असतं तर साहेबांनी दुसरा रेकॉर्डिस्ट बसवला असता, आणि — नाही. साहेब तेव्हा नव्हतेच इथं. सहावा ऐकून पुरे म्हणाले आणि निघून गेले. सातवा मी मागितला. मी. तीस वर्षं या खोलीत लोकांचे आवाज पकडतोय, पण तसा आवाज माझ्या हाताला पुन्हा लागणार नव्हता. त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या गायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाजच फुटला नाही, ते तुला काय सांगायचं, तूच होतीस घरी. पाच गाण्यांना सहावं जोडून आहे तसा अल्बम काढला आम्ही. दोन ऑपरेशनं झाली म्हणे. मी येणार होतो भेटायला. अकरा वर्षं येणारच आहे. आल्यावर काय बोलणार? त्यांना तर बोलताच येत नाही, म्हणजे सगळं मलाच बोलायचं.

तो कापलेला तुकडा? आहे. कापला, पण टाकवला नाही. त्या कपाटात, वरच्या खणात. तुला देऊन टाकतो, ने, आणि पुन्हा हा विषय — काय? कुणाला ऐकवायचाय? खाली गाडीत कोण बसलंय?

नाही. हे तू बरं नाही केलंस. इतका वेळ मला बोलू दिलंस आणि त्या खाली — हे बघ, जिना अरुंद आहे, मधला दिवा गेलाय, त्यांना झेपायचं नाही. आज स्टुडिओ बंद आहे. तू जा. टेप घे आणि जा, मागच्या दारानं जा, मी आलो नव्हतो असं सांग — फोन ठेव तो. कुणाला बोलावू नकोस. मी तुला —

थांब. गप्प बस जरा.

एकेका पायरीवर थांबत कुणीतरी वर येतंय.